एक हात खिशांत

रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर माडीवरच्या खोलींत जाऊन बसावें, टेबलावरची पितळी कळ खालींवर दाबावी, आणि अर्ध्या पृथ्वीपलीकडच्या अनोळखी माणसानें तत्काळ उत्तर द्यावें, या गोष्टीचें आज कोणाला नवल वाटणार नाहीं. परंतु सुमारें शंभर वर्षांपूर्वीं ही किमया ज्यांनीं प्रथम करून दाखविली ते सरकारी अधिकारी नव्हते, कीं बड्या कंपन्यांचे पगारी नोकरहि नव्हते. ते हौशी लोक होते : कोणी शाळकरी मुलगा, कोणी मेंढ्या पाळणारा शेतकरी, कोणी कारखानदार. त्यांच्या पराक्रमाच्या कथा पुष्कळदां सांगितल्या जातात. त्यांच्या टेबलावर जो मृत्यु उघडा मांडलेला असे, त्याची कथा मात्र क्वचित् कोणी सांगतो. आणि त्या मृत्यूच्या शेजारीं बसून काम करण्याची रीत त्यांनीं कशी बसविली, ही तर त्याहूनहि क्वचित्.

या सर्व खेळाचें मर्म कांचेच्या एका फुग्यांत होतें. १९०६ सालीं अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यानें निर्वात नलिकेंत, म्हणजे ज्याला आपण व्हॉल्व्ह म्हणतों त्यांत, तिसरें अंग घातलें. एक तापलेला तंतु, त्याच्या समोर धातूची प्लेट, आणि दोहोंच्या मधोमध तारेची विरळ जाळी. या जाळीला ग्रिड म्हणतात. तंतूपासून निघालेले विद्युत्कण प्लेटकडे धांवतात. वाटेंत ग्रिडवरचा दाब जरासा कमीअधिक केला कीं त्यांचा सगळा लोंढा कमीअधिक होतो. मळ्यांत दारें धरणारा गडी दोन फावडीं माती इकडची तिकडे करून मोटेचें सारें पाणी वळवितो, तसेंच हें. डी फॉरेस्टच्या नलिकेंत हवा बरीच शिल्लक राही, आणि दाब वाढविला कीं ती निळी उजळून काम बिघडे. १९१२ नंतर जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील आयर्व्हिंग लँगम्यूर आणि वेस्टर्न इलेक्ट्रिकमधील हॅरॉल्ड आर्नोल्ड यांनीं जवळजवळ पूर्ण निर्वात साधला, तेव्हां प्लेटवर शेंकडों, पुढें हजारों व्होल्ट लावणें शक्य झालें. व्हॉल्व्हला बळ आलें तें असें, आणि राहत्या घरांत धोका शिरला तोहि याच वाटेनें.

हौशी लोकांच्या वांट्याला सरकारनें त्या वेळीं टाकाऊ समजल्या जाणाऱ्या लहरी दिल्या होत्या. १९१२ च्या अमेरिकन कायद्यानें त्यांना २०० मीटर व त्याखालच्या लहरींवर लोटलें. या आखूड लहरी लांब जाणार नाहींत असेंच तज्ज्ञांचें मत होतें. खडकाळ माळ धाकट्या भावाच्या वांट्याला यावा आणि पुढें त्याच माळाखालीं गोड्या पाण्याचा झरा लागावा, तसें झालें. मशिनगनच्या शोधाबद्दल प्रसिद्ध असलेल्या हायरम मॅक्झिमचा मुलगा हायरम पर्सी मॅक्झिम यानें १९१४ सालीं कनेक्टिकट संस्थानांतील हार्टफर्ड येथें अमेरिकन रेडिओ रिले लीग स्थापन केली, आणि पुढच्याच वर्षीं ‘क्यूएसटी’ हें तिचें मासिक निघालें. डिसेंबर १९२१ मध्यें लीगनें पॉल गॉडली याला स्कॉटलंडमधील आर्ड्रॉसन येथें पाठविलें. समुद्रकांठीं, पावसापाण्यांत, तंबू ठोकून तो कानाला श्रवणयंत्र लावून बसला, आणि ग्रीनिच या गांवीं एडविन आर्मस्ट्राँग व त्याच्या मित्रांनीं उभारलेल्या स्थानकाचा संदेश त्यानें अटलांटिकपलीकडून उतरून घेतला. त्या स्थानकांत एक व्हॉल्व्ह लहरी उत्पन्न करी आणि तीन व्हॉल्व्ह शेजारीं शेजारीं जोडून त्यांची शक्ति वाढवीत. पुढें होणाऱ्या सर्व हौशी प्रक्षेपकांचें बीज या मांडणींत होतें. नोव्हेंबर १९२३ मध्यें फ्रान्समधील नीसचा लेऑं देलॉय आणि हार्टफर्डचा फ्रेड श्नेल यांचें सुमारें १०० मीटरच्या लहरीवर दोन्हीकडून बोलणें झालें. १८ ऑक्टोबर १९२४ रोजीं लंडनच्या मिल हिल शाळेंतील सेसिल गॉयडर या विद्यार्थ्यानें न्यूझीलंडमधील शेतकरी फ्रँक बेल याला गांठलें. पृथ्वीवर यापेक्षां फारसें लांब जातांच येत नाहीं.

इतकें झालें तरी बहुतेकांचीं यंत्रें ओबडधोबड होतीं. एकाच व्हॉल्व्हनें लहरी उत्पन्न करावयाच्या आणि त्याच व्हॉल्व्हला एरिअल जोडावयाचें, असा सरधोपट मार्ग होता. वाऱ्यानें एरिअल हाललें कीं लहर डळमळे, आणि दूरच्या श्रोत्याला सरळ शिट्टीऐवजीं घोगरा, लोंबकळता आवाज ऐकूं येई. जागा ऐसपैस होती तोंवर हें चाललें. परंतु १९२७ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेनें ही ऐसपैस जागा आवळली. ४० मीटरच्या पट्ट्यांत ७,००० ते ८,००० किलोसायकल इतकी मोकळीक होती, ती ३०० किलोसायकलांवर आली. २० मीटरच्या पट्ट्यांत २,००० होती, ती ४०० वर आली. १९२९ च्या आरंभापासून हा नियम लागू व्हावयाचा होता. दाटीच्या चाळींत ज्याचा त्याचा आवाज ज्याच्या त्याच्या खोलींत राहावा लागतो. लहर स्थिर ठेवणें ही आतां गरज झाली.

उपाय एकच होता. लहान व्हॉल्व्हनें, शक्य तर क्वार्ट्झच्या स्फटिकाच्या साह्यानें, मंद पण अढळ लहर उत्पन्न करावी, आणि पुढें दुसऱ्या मोठ्या व्हॉल्व्हनें तिची शक्ति वाढवून मग ती एरिअलला द्यावी. हा दुसरा व्हॉल्व्ह म्हणजे शक्तिवर्धक, ज्याला हौशी लोक अँप्लिफायर म्हणतात. लहरीची स्थिरता साधली. पण एकाच्या जागीं दोनतीन व्हॉल्व्ह आले, तितकींच वेटोळीं व कंडेन्सर आले, आणि त्या सर्वांचा मेळ बसविण्याचें कौशल्य प्रत्येक हौशाला शिकावें लागलें.

हें कौशल्य तंबोरा जुळविण्यासारखें आहे. दोन तारा एका सुरांत आल्या कीं एक छेडली असतां दुसरी आपोआप गुणगुणूं लागते. वर्धकाच्या प्लेटला जोडलेलें वेटोळें व कंडेन्सर यांचाहि असाच एक स्वतःचा सूर असतो, आणि तो येणाऱ्या लहरीशीं जुळवावा लागतो. तंबोरा जुळल्याचें कान सांगतो. येथें तें प्रवाहमापकाचा कांटा सांगतो, आणि तोहि उलट रीतीनें. मेळ बसला कीं प्लेटचा प्रवाह एकदम खालीं येतो. समजा, व्हॉल्व्हला १,००० व्होल्ट आणि १०० मिलिअँपिअर, म्हणजे १०० वॉट, दिले आहेत. मेळ बसलेला असेल तर त्यांतील ७० वॉट एरिअलकडे जातील आणि ३० वॉटांची उष्णता प्लेटमध्यें उरेल. मेळ चुकला तर प्रवाह दुप्पट होईल आणि २०० च्या २०० वॉट प्लेटलाच भाजतील. मग काळसर प्लेट प्रथम मंद तांबडी, मग पिकल्या मिरचीसारखी लाल, आणि कांहीं क्षणांत नारिंगी दिसूं लागते. महिनोमहिने पैसे सांठवून घेतलेला व्हॉल्व्ह डोळ्यांदेखत जातो.

म्हणून जाणते लोक प्रथम कमी दाबावर जुळणी करीत. रोहित्राच्या वाटेंत दिव्याचा मोठा गोळा घालून दाब उतरवावा; कंडेन्सर झटकन् फिरवून प्रवाहाचा तळ गांठावा; मग एरिअल थोडें जवळ आणून शक्ति बाहेर जाऊं द्यावी. एरिअल जोडतांच मेळ किंचित् ढळतो, म्हणून पुन्हां तळ शोधावा, आणि असें पायरीपायरीनें पूर्ण दाबापर्यंत यावें. याच्याहि आधीं एक काम असे. तीन अंगांच्या व्हॉल्व्हमध्यें प्लेटवरची शक्ति ग्रिडकडे गळते आणि वर्धक स्वतःच लहरी सोडूं लागतो. ही गळती मारण्यासाठीं उलट बाजूची तेवढीच शक्ति एका छोट्या कंडेन्सरमधून परत ग्रिडला द्यावयाची असते. तिचें माप घेण्याची युक्ति साधी होती : प्लेटचा उच्च दाब तोडून टाकावा, तंतु पेटलेला ठेवावा, मागच्या व्हॉल्व्हची लहर चालूं ठेवावी, आणि बॅटरीच्या छोट्या दिव्याला तारेची एक फेर जोडून ती प्लेटच्या वेटोळ्याजवळ धरावी. गळती असेल तोंवर दिवा लागतो. छोटा कंडेन्सर फिरवितां फिरवितां दिवा विझला कीं काम झालें. सगळ्या जुळणींत नाजूक म्हणावें असें हें काम नेमकें उच्च दाब तोडून करतां येई, हें हौशी लोकांचें नशीब.

बाकीच्या कामांत नशीब इतकें धड नव्हतें. १९२० ते १९३० च्या काळांतील प्रक्षेपक म्हणजे कणीक मळावयाच्या पाटासारखी एक फळी, तिच्यावर उघडे व्हॉल्व्ह, तांब्याच्या नळीचीं उघडीं वेटोळीं आणि उघडे खिळे. संदेश पाठविण्याची कळ पुष्कळदां उच्च दाबाच्याच वाटेंत बसविलेली असे. बोट सरकून धातूला लागलें कीं संपलें. लहर उत्पन्न होते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं शिसपेन्सिलीचें टोंक वेटोळ्याला लावून ठिणगी ओढून पाहण्याची एक खोड सर्वत्र होती. नुसत्या शीघ्र लहरीची ठिणगी कातडी भाजून सोडी. पण कित्येक मांडण्यांत त्याच वेटोळ्यांतून प्लेटचा उच्च दाबहि वाहत असे, आणि पेन्सिलीचें शिसें वीज उत्तम वाहून नेतें. आपला सूर कसा निघतो हें ऐकण्यासाठीं डोक्याला श्रवणयंत्र बांधून माणूस प्रक्षेपकावर वांके. त्याची दोरी ग्राहक यंत्राला आणि तेथून जमिनीला जोडलेली. म्हणजे हात उच्च दाबावर, डोकें जमिनीला, आणि मधल्या वाटेवर हृदय.

हें सर्व अडाण्यांचें काम होतें असें मात्र समजूं नये.

रॉस हल हा मूळचा ऑस्ट्रेलियांतील मेलबर्नचा. त्याचा जन्म १९०२ चा. ऑस्ट्रेलियांतील हौशी संघटनेंत नांव मिळवून तो १९२६ च्या सुमारास अमेरिकेंत आला आणि हार्टफर्डला लीगच्या कचेरींत दाखल झाला. १९२९ चे नियम डोक्यावर आले तेव्हां हजारों ओबडधोबड यंत्रें सुधारावयाचीं कशीं, हें शिकविण्याचें काम लीगनें त्याच्याकडे सोंपविलें. १९२८ सालीं त्यानें ‘क्यूएसटी’मध्यें लेखमाला लिहून लहर स्थिर कशी ठेवावी, व्हॉल्व्हवर अकारण भार कसा टाकूं नये, मेळ काळजीनें कसा बसवावा, हें सामान्य हौशाला समजेल अशा भाषेंत सांगितलें. पुढें तो पांच मीटरच्या लहरींकडे वळला. या लहरी दृष्टीच्या टप्प्यापलीकडे जात नाहींत असा समज होता. हलनें वेस्ट हार्टफर्डहून बॉस्टनपर्यंत, टेकड्यांच्या आड, त्या पोंचवून दाखविल्या. आणि तेवढ्यावर न थांबतां महिनोमहिने नोंदी ठेवून त्या हवामानाच्या नोंदींशीं ताडून पाहिल्या. गार हवेवर ऊन हवेचा थर पसरला कीं या लहरी त्या थरांत वांकून क्षितिजाखालीं उतरतात, हा त्याचा निष्कर्ष. प्रयोगशाळेंतील पदवीधरांनींहि मान द्यावा असें हें काम एका हौशी माणसानें केलें होतें.

सप्टेंबर १९३८ मध्यें हा माणूस घरीं स्वतः बांधलेल्या दूरदर्शन ग्राहक यंत्रावर काम करीत असतां उच्च दाबाचा स्पर्श होऊन मरण पावला. त्या काळच्या चित्रनलिकेला कांहीं हजार व्होल्टांचा दाब लागे, आणि तो सरळ घरच्या विजेवर चालणाऱ्या रोहित्रापासून घेत. नलिकेला प्रवाह अगदीं थोडा लागतो. पण रोहित्र जितका देऊं शकतें तितका नलिकेच्या गरजेशीं बांधलेला नसतो. मनुष्याचें हृदय बंद पाडण्यास दहाव्या हिश्श्याच्या अँपिअरइतका प्रवाहहि पुरतो. हलनें अजून चाळिशीहि गांठली नव्हती.

आपल्या सर्वांत जाणत्या शिक्षकालाच विजेनें नेलें, हा धक्का हौशी जगाला फार मोठा बसला. नवशिक्या मुलगा गेला असता तर लोकांनीं हळहळून त्याच्या अज्ञानाला दोष दिला असता. येथें तो आडोसा नव्हता. हलला कोणता भाग जिवंत आहे हें ठाऊक नव्हतें असें कोण म्हणणार? ठाऊक असणें आणि त्या क्षणीं लक्षांत असणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हात दुसऱ्या गोष्टीवर चालतो. यानंतर सुरक्षिततेचा विषय लीगच्या मासिकांत जोरानें पुढें आला, आणि तिच्या वार्षिक हस्तपुस्तिकेंत सुरक्षिततेचे नियम वर्षानुवर्ष छापले जाऊं लागले. ते नियम वाचतांना जाणवतें कीं त्यांतला एकहि माणसाच्या ज्ञानावर विसंबलेला नाहीं. यंत्राच्या आंत हात घालण्यापूर्वीं सर्व वीज तोडावी. स्वतः काम करीत असतां वीज चालूं-बंद करण्याचें काम दुसऱ्याकडे देऊं नये. थकलें असतां, झोंप येत असतां बिघाड शोधूं नये. कानाला श्रवणयंत्र लावून प्रक्षेपकाजवळ जाऊं नये. ठिणग्या ओढूं नयेत. ओल्या जमिनीवर उभें राहूं नये. आणि सर्वांत प्रसिद्ध नियम हा कीं एकाच हातानें काम करावें, दुसरा खिशांत ठेवावा. म्हणजे एका हातांतून शिरलेली वीज छातींतून दुसऱ्या हातानें बाहेर पडण्याची वाट उरत नाहीं. ज्यांच्या पोशाखाला खिसा नाहीं त्यांनीं तो हात पाठीमागें धरावा, एवढाच आपल्याकडे फरक.

एक नियम घरच्या माणसांसाठींहि होता. मुख्य स्विच कोठें आहे आणि धक्का बसलेल्या माणसाला कृत्रिम श्वासोच्छ्वास कसा द्यावा, हें घरांतील प्रत्येकाला शिकवून ठेवावें. ज्याच्या छंदासाठीं घरच्यांनीं निम्मी माडी सोडून दिली, त्यानें त्यांना इतकें तरी सांगून ठेवणें रास्तच होतें. बंद पडलेलें हृदय छातीवर दाब देऊन चालूं ठेवण्याची रीत मात्र जॉन्स हॉप्किन्स येथील कौवेनहोव्हन व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९६० सालीं प्रसिद्ध केली. हलच्या पिढीला ती लाभली नाहीं.

वीज तोडली म्हणजे धोका टळला, हाहि एक भ्रमच. प्रवाहांतील खडखड काढण्यासाठीं जे कंडेन्सर बसवितात ते दाब सांठवून ठेवतात. ४ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर २,००० व्होल्टांना भरलेला असला तर त्यांत ८ जूल शक्ति असते, आणि चांगला कंडेन्सर ती तासन् तास धरून ठेवतो. स्विच बंद, तंतु विझलेले, दिवे मालवलेले, आणि आंत सापानें वेटोळें घातलेलें. म्हणून त्याच्या दोन टोंकांमध्यें एक मोठा अवरोध कायमचा जोडतात. ५०,००० ओहमांचा असला तर सुमारें एका सेकंदांत कंडेन्सर रिकामा होतो. पण हा अवरोधहि जळून तुटूं शकतो, आणि तुटला हें बाहेरून दिसत नाहीं. यासाठीं शेवटचा उपाय लांकडी काठीचा : कोरड्या काठीच्या टोंकाला धातूचा आंकडा, त्याला जाड तार, तार जमिनीला पक्की बांधलेली. वीज तोडल्यावर हा आंकडा उच्च दाबाच्या प्रत्येक भागाला लावावा आणि काम होईपर्यंत तेथेंच अडकवून ठेवावा. ठिणगी उडालीच तर ती काठीवर उडते. पुढें यंत्रें लोखंडी पेटींत गेलीं, झांकण उघडतांच वीज तुटेल असे स्विच दाराला लागले, जुळणीच्या मुठी लांब दांड्यांनीं बाहेर आल्या. मेळ बसवितांना आंत हात घालण्याचें कारणच उरलें नाहीं. तरी काठी गेली नाहीं, कारण दाराचे स्विचहि कधीं कधीं चिकटून राहतात.

हिंदुस्थानांत हा छंद लवकरच आला. कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्त यांनीं १९२१ सालीं आपलें हौशी स्थानक चालूं केलें. १९३९ सालीं युद्ध सुरू होतांच सरकारनें परवाने रद्द करून प्रक्षेपक पोलिसांच्या हवालीं करण्याचा हुकूम काढला. त्यानंतर १९४२ मध्यें मुंबईंत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गुप्तपणें चालविलेल्या काँग्रेस रेडिओची हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. पोलिसांना चुकविण्यासाठीं तो प्रक्षेपक घरोघर हलवावा लागे, आणि नवें घर म्हणजे नवें एरिअल, नवें एरिअल म्हणजे मेळ पुन्हां पहिल्यापासून बसविणें. नोव्हेंबर १९४२ मध्यें छापा पडेपर्यंत तें काम भाड्याच्या खोल्यांतून, पावलांचा कानोसा घेत चाललें होतें. सुरक्षिततेच्या कोणत्याहि पुस्तकांत त्या परिस्थितीसाठीं नियम नाहीं. स्वातंत्र्यानंतर मे १९४८ मध्यें इंदूरजवळच्या महू येथील सिग्नल्सच्या लष्करी शाळेंत हौशी रेडिओ क्लब स्थापन झाला. युद्धांत उरलेले व्हॉल्व्ह स्वस्तांत मिळूं लागले होते, आणि आपल्याकडे घरची वीजच २३० व्होल्टांची, म्हणजे अमेरिकेच्या दुप्पट. तेव्हां रोहित्रापर्यंत पोंचण्याआधींच सावध राहणें भाग होतें.

आज लहान यंत्रांतून व्हॉल्व्ह गेले आहेत. परंतु हजार वॉटांच्या वर्धकांत पुष्कळ हौशी अजून त्यांनाच धरून आहेत. घाईंत मेळ चुकला तरी व्हॉल्व्ह कांहीं क्षण सहन करतो, ट्रान्झिस्टर तितकाहि करीत नाहीं. अशा वर्धकाशीं कांटा तळाला जातो कीं काय तें पाहत बसलेला मनुष्य अजूनहि दिसतो, आणि त्याचा एक हात अजूनहि खिशांत असतो. ऑस्ट्रेलियांत, तिकडच्या उन्हाळ्यांत म्हणजे आपल्या हिंवाळ्यांत, हौशी लोकांची एक स्पर्धा भरते. सहा मीटर व त्याखालच्या लहरी कोण किती लांब पोंचवितो, हें तींत पाहतात. तिला रॉस हलचें नांव दिलेलें आहे.